एक पायरी आत

माझ्या कामाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी आदरानं मान हलवतो आणि मग हळूच आमच्या ह्यांच्याकडे वळून विचारतो, "बाकी पाऊसपाणी?" एक्सएसएलटी! मी एवढ्या ठसक्यात म्हणते, पण काही उपयोग नाही. म्हणून हल्ली मी सरळ सांगते, की मी केजमध्ये बसून लग्नपत्रिकेतली नावं आत-बाहेर सरकवते. हे मात्र सगळ्यांना कळतं. इतकं कळतं की लगेच खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाशी येतात. "ताई, मंग आमच्या साडूचं नाव जरा आत घेता का?"

तर अशी मी, सुरेखा. आमचे हे, म्हणजे दत्तात्रय, यांचं एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत छपाईचं दुकान आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्यात पुस्तकांचा मजकूर कॉम्प्युटरवर एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचं काम केलं. मग इकडे आले आणि बघते तर काय, पुण्यातल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा बीड जिल्ह्यातली एक लग्नपत्रिका हाताळायला जास्त अवघड!

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळ्यात वर देव. देवांच्या शेजारी घराण्यातले गेलेले आजे-पणजे. त्याखाली पुढारी. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, आपले नम्र, आणि ही सगळी नावं संपली असं वाटून तुम्ही पत्रिका मिटायला जाता तेवढ्यात तळाशी किलबिल. म्हणजे ज्यांना अजून दात आलेले नाहीत अशी मंडळी तुम्हाला बजावतात, "आमच्या आत्तूच्या लग्नाला नक्की यायचं हं!" बोलावणारे इतके, की येणारे कमी पडावेत.

मी दुकानात बसायला लागले तेव्हा ही नावं कागदाच्या चिटोऱ्यांवर यायची. प्रत्येक लग्नाला पुन्हा टाईप, पुन्हा चुका, पुन्हा भांडण. मी म्हटलं, हे काय चाललंय? घराणं तेच, माणसं तीच. एकदाच नीट खुणा घालून लिहून ठेवू. यादीच्या पोटात यादी. मोठ्या डब्यात लहान डबे ठेवतो ना, तसं. आजोबांच्या डब्यात मुलगे, मुलग्याच्या डब्यात नातवंडं. हे झालं एक्सएमएल. पण असले डबे गिऱ्हाइकाला दाखवून भागत नाही. त्याला मोबाईलवर साधा मजकूर हवा, असा की कोण कुणाच्या खाली येतं ते एका नजरेत दिसलं पाहिजे. चित्र नको, बोटांनी ताणून मोठं करायला नको.

इथे माझा एक्सएसएलटी येतो. मी त्याला कारकून म्हणते. त्याला मी एकदाच सूचना लिहून दिल्या. नाव दिसलं की आधी वर बघ. हे नाव किती नावांच्या पोटात आहे ते मोज. जितके वर, तितक्यांदा चार-चार मोकळ्या जागा सोड. मग नाव लिही आणि ओळ संपव. मग त्या नावाच्या पोटात जे कुणी असतील त्यांच्यासाठी हेच सगळं पुन्हा कर. झालं! घराणं तीन पिढ्यांचं असो की सहा, सूचना तेवढ्याच. पहिल्यांदा हे दुकानात चाललं आणि पणजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे पायरी-पायरीनं आपापल्या जागी उभे राहिले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. आमचे हे म्हणाले, "एवढंच?" त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

लोकांना ही पायरीची यादी भयंकर आवडली. आधी प्रूफ म्हणून मोबाईलवर पाठवायचो, मग लोक म्हणायला लागले की पत्रिकेतही तशीच छापा. आणि तिथेच माझं चुकलं की काय असं मला अधूनमधून वाटतं. पूर्वी सगळी नावं एका गर्दीत असायची. गर्दीत माणूस कुठेही उभा राहिला तरी चालतो. मी पायऱ्या दिल्या आणि सगळ्या तालुक्याला अचानक दिसायला लागलं, की डावीकडे मान आहे आणि उजवीकडे सरकलेला माणूस कुणाच्या तरी खाली आहे. झालं! जो येतो तो म्हणतो, मला डावीकडे घ्या.

एका साहेबांचा माणूस आला. साहेब कुणाचे कुणी लागत नाहीत, पण तालुक्यातलं एकही लग्न त्यांच्या नावाशिवाय होत नाही. "आमचे साहेब कुणाच्या पोटात नकोत," तो म्हणाला. मी म्हटलं, नाहीतच, बघा, अगदी कडेला आहेत, एकसुद्धा जागा सोडलेली नाही. त्यानं स्क्रीन निरखून बघितली. "ह्याच्या पल्याड जागा न्हाई का?" म्हटलं, पलीकडे टेबल आहे, भाऊ. तो नाराज होऊन गेला.

मांजरसुंब्याचे दोन जावई तर मी जन्मात विसरणार नाही. एकाचा ढाबा, दुसऱ्याचं टायरचं दुकान, दोघं एकाच पायरीवर. ढाबेवाल्यानं काडेपेटीतली काडी मोबाईलवर आडवी लावून दोघांचं अंतर मोजलं आणि बरोबर आहे म्हणून कबूल केलं. पण टायरवाल्याचं नाव लांबलचक. छोट्या मोबाईलवर ते एका ओळीत मावेना, म्हणून आडनाव तुटून खालच्या ओळीत गेलं, आणि तुटलेला तुकडा येतो तो अगदी डाव्या कडेला! टायरवाला खूश. त्याचं अर्धं नाव साहेबांच्या रांगेत जाऊन बसलं होतं. मग काय विचारता, ढाबेवाला अडून बसला, "मपलंबी आडनाव तोडा!" म्हणजे त्याचंही. मी दोघांनाही चहा पाजला आणि मोबाईल आडवा धरून दाखवला, तेव्हा कुठे ते मिटलं.

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. आणि मग आमच्याकडे वैष्णवीच्या लग्नाची पत्रिका आली.

वैष्णवीचे काका लक्ष्मण हे केज ते मांजरसुंबा काळी-पिवळी जीप चालवतात. वैष्णवी अगदी लहान असताना तिचे आई-वडील लागोपाठ गेले आणि लक्ष्मणकाकांनी तिला वाढवलं. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं म्हणतात. पोरगी आधी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून वाढली, मग त्याच जीपनं शाळेत गेली, मग फार्मसी शिकली, आता बीडला औषधाच्या दुकानात नोकरी करते. या रस्त्यावर कुणाला विचारा, ती जीप लक्ष्मणची नाही, वैष्णवीची गाडी म्हणूनच ओळखली जाते.

त्यांच्या घराण्याची यादी माझ्याकडे आधीपासून होती. तीन भाऊ एका पायरीवर. पहिले थोरले ज्ञानोबा, म्हणजे अण्णा, आणि त्यांच्या खाली मुलं, सुना, जावई, नातवंडं, नुसती जत्रा. मग मधले कै. रामभाऊ, त्यांच्या खाली एकटी वैष्णवी. मग धाकटे लक्ष्मण, आणि त्यांच्या खाली काहीच नाही. ओळ संपली की घराणंच संपलं.

वैष्णवीनं स्क्रीनवर ते पाहिलं आणि ती म्हणाली, "काकाच्या खाली कुणीच न्हाई."

"हाय की," लक्ष्मणकाका म्हणाले. "जीप हाय."

मी हसले, पण ती हसली नाही. "ताई, मला काकाच्या खाली घ्या."

"येडी का काय बे तू! रामदादाच्या खालचं नाव काढतेत व्हय?"

"मग दोन्हीकडं घ्या."

मी तिला समजावलं, की माझ्या या डब्यांच्या जगात एक नाव एकाच डब्यात राहतं. दोन ठिकाणी छापता येईल, पण मग वाचणाऱ्याला वाटेल घरात दोन वैष्णवी आहेत. "ह्याला एकच बाप चालतो गं," मी म्हटलं आणि म्हटल्या म्हटल्या माझी मलाच लाज वाटली. ती शांतपणे म्हणाली, "मला दोन होते, ताई. ज्या पत्रिकेत एकच असंल, ती मी वाटणार न्हाई." लक्ष्मणकाकांनी किल्लीची जुडी खिशातून काढली, परत ठेवली, परत काढली. पोरगी हट्टाला पेटली नव्हती, तिला ते खरंच सहन होत नव्हतं. लग्न तोंडावर आलेलं, मुलाकडचे पत्रिकेसाठी खोळंबलेले. मी म्हटलं, यावर काहीतरी शोधते, तोवर बाकीची नावं तरी घरच्यांना तपासू दे. आणि मी आहे तशी यादी कारकुनाकडून काढून घेतली आणि त्यांच्या घरच्या मोबाईल ग्रुपवर टाकून दिली.

आता इथे मला आमच्या ह्यांच्याबद्दल बोलायला लागणार आहे. त्यांना सवय, गिऱ्हाइकाची खोड लक्षात राहावी म्हणून कुठेतरी टिपून ठेवायची. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, चिटोरे नकोत, जे काय असेल ते फाईलमध्येच लिहीत जा. तर या माणसानं काय करावं? माझं बघून-बघून शिकला आणि प्रत्येक नावाच्या पोटात स्वतःचा एक नवा डबा करून ठेवला. डब्याचं नाव 'शेरा'. मला पत्ता नाही! आणि माझ्या कारकुनाला एक भलती खोड आहे. ज्या डब्याबद्दल त्याला काहीच सूचना दिलेली नसते, तो डबा तो गुपचूप बाजूला ठेवत नाही. उघडतो आणि आत जे असेल ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. हे मला ठाऊक होतं, पण शेरे आहेत हेच ठाऊक नव्हतं.

तर अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर हे गेलं:

ज्ञानोबा (अण्णा) हे पहिले. नाहीतर मांडवात जेवत नाहीत, मग घरी जाऊन दोनदा जेवतात.
    थोरले जावई. नाव ठळक मागतील. हो म्हणायचं, करायचं नाही.
    धाकटे जावई. थोरल्यांचं ठळक केलं का, एवढंच विचारतात.

आणि आत्यांच्या यादीत, एका आत्याच्या नावापुढे: फोन करील. उचलू नये.

मी ते मोबाईलवर वाचलं आणि मला आधी घाम फुटला आणि मग हसू फुटलं. ह्यांच्यावर ओरडावं म्हणून तोंड उघडलं तर हसण्याशिवाय काही बाहेरच येईना. हे म्हणतात, "तूच सांगितलं होतंस फाईलमध्ये लिहायला!" तेवढ्यात आत्याचा फोन आला. ह्यांनी सवयीनं उचलला नाही. लगेच ग्रुपवर आत्याचं लिहून आलं, "बगा. उचलला न्हाई."

मी धावत जाऊन कारकुनाला एक ओळ लिहून दिली: शेरा दिसला की काहीही करू नकोस. बस, पुढे काही नाही, रिकामी सूचना. माझ्या उभ्या आयुष्यातली ती सगळ्यात छोटी आणि सगळ्यात उपयोगी ओळ असेल. आमच्या काही नातेवाइकांसाठीही अशी लिहून मिळाली असती तर किती बरं झालं असतं! पण आता उशीर झाला होता. गल्लीत जीप येऊन थांबली आणि तिच्यातून अण्णा उतरले. मागून लक्ष्मणकाका आणि वैष्णवी.

"कोण दोनदा जेवतंय बे?"

आमचे हे कागद कापायच्या मशीनमागे गेले. सहा फुटांचा माणूस, मशीन कमरेएवढं. अण्णांना ते पूर्ण दिसत होते.

"एकदाच जेवलतो," अण्णा गरजले. "दुसऱ्यांदा नुसता भात खाल्ला! तेबी वाईच!"

वैष्णवी आधी ओढणी तोंडाला लावून हसत होती, मग ओढणीही पुरेना. तिचं बघून मी. मग लक्ष्मणकाका. अण्णांनी राग टिकवायची पुष्कळ धडपड केली, मिश्यांवरून हात फिरवला, एकदा खोकले, आणि शेवटी खुर्चीत बसून स्वतःच खदखदायला लागले. "पर जावयाचं बरूबर लिव्हलंय," ते मशीनकडे बघून म्हणाले. "या भाईर, दत्ताभाऊ." मी चहा सांगितला. मला वाटलं, सुटलो.

पण चहा येईपर्यंत वैष्णवीनं अण्णांच्या कानावर तिची गोष्ट घातली, आणि हसणं एकदम थांबलं. अण्णांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"रामाचं नाव पुसायचं?"

"पुसत न्हाई मी, अण्णा."

"त्याची एकुलती एक पोर तू. त्याच्या खालून तुला काढलं तर त्याचं काय राहिलं पत्रिकेत? त्याचं नाव पुसायचं असंल तर मपलंबी पुसा. मी मांडवात येणार न्हाई. आन हे जेवणावरून रुसणं न्हाई, सांगून ठिवतो."

"मला ताप आला तं उशाला कोण बसत हुतं?" वैष्णवीचा आवाज चिरकला. "शाळेत सोडायला कोण गेलतं? बाबांचा मला चेहराबी आठवत न्हाई, अण्णा. फोटो आठवतो नुस्ता. आन काकाच्या नावाखाली मोकळी ओळ. समद्या गावाला वाटायचं, ह्या माणसानं काहीच केलं न्हाई!"

मी तापट बाई आहे, मला राहवलं नाही. मी अण्णांना म्हटलं, पोरीचं काही चुकत नाही, आणि तुम्ही उगाच दमदाटी करू नका. अण्णा म्हणाले, तुमी तुमचं मशीन बघा. मी म्हटलं, मशीन माझं आहे, म्हणूनच बोलते. ह्यांनी पुन्हा कागद कापायच्या मशीनकडे पाहिलं.

या सगळ्यात लक्ष्मणकाका माझ्या स्क्रीनसमोर उभे होते. ते म्हणाले, "ताई, ही पायरी कशी काय मोजता तुमी?"

मला वाटलं, विषय बदलायला विचारतायत. मी सांगितलं, कारकून वर बघतो आणि त्या नावाच्या वर कोण-कोण आहे ते मोजतो.

"म्हंजी बापच न्हाई, समदे मोजतो?"

"सगळे. बाप, आजा, पणजा, जे कुणी वर असतील ते."

त्यांनी हातातली किल्लीची जुडी खिशात टाकली. मग म्हणाले, "मंग असं करा. मला दादाच्या पोटात घाला. आन पोरीला मपल्या पोटात. म्हंजी तिच्या वर आमी दोघंबी आलो. दादाचंबी नाव राह्यलं."

मला क्षणभर कळेचना. "अहो काका, तुम्ही त्यांचे भाऊ. त्यांच्या खाली गेलात तर एक पायरी आत सरकाल. लोकांना तुम्ही त्यांचा मुलगा वाटाल."

"वाटू द्या की. आमचे वडील गेले तवा मी पाटी-पेन्सिलीतला. दादानंच सांभाळलं मला. गाडी चालवायला त्यानंच शिकिवलं. मह्या वर दादाच हाय, तसं बगितलं तर."

अहो, किती वर्षं मी हे काम करतेय! डावीकडे घ्या म्हणून किती जण माझ्या डोक्यावर बसले, साहेबांचा माणूस तर टेबलापलीकडे निघाला होता. मला आत सरकवा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला रडू आलं. ते लपवायला मी उगाच माऊस हलवत बसले. वैष्णवीनं काकांचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा.

मी लक्ष्मणकाकांची ओळ उचलली आणि रामभाऊंच्या डब्यात टाकली. वैष्णवीची ओळ काकांच्या डब्यात. कारकुनाला हाक मारली. डोळा लवायच्या आत नवी यादी आली. रामभाऊ, त्यांच्या एक पायरी आत लक्ष्मण, आणखी एक पायरी आत वैष्णवी.

आता आम्ही सगळे अण्णांकडे बघायला लागलो. ते चष्मा लावून, नाक स्क्रीनला लागेल एवढे वाकून वाचत होते. खूप वेळ वाचत होते. मला वाटलं, आता पुन्हा गरजणार.

"हे बरंय," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज गरजण्याचा नव्हता. "रामाला लक्ष्मण मिळाला. लक्ष्मणाला पोर मिळाली. आन मला कावून एकल्याला भाईर भिंतीला लावलं?"

"अण्णा, तुम्ही थोरले," मी म्हटलं. "मानाची जागा आहे ती. तुमच्या वर कुणी नाहीच, तर तुम्हाला आत कशी घेऊ?"

"कुणी न्हाई कसं? आई न्हवती का आमाला?"

मी देवांच्या शेजारची, गेलेल्या मंडळींची ओळ पाहिली. वडील होते. आजोबा होते. पणजोबाही होते. आईचं नाव कुठेच नव्हतं. या घरातल्या कुठल्याच पत्रिकेत ते नव्हतं, आणि सगळ्या मीच काढल्या होत्या.

"इतकी लग्नं केली घरात," अण्णा म्हणाले, "एकाबी पत्रिकेत तिचं नाव घ्यायचं आमाला सुचलं न्हाई. गयाबाई. लिव्हा, ताई. वर. समद्यांच्या वर."

मी एकच ओळ लिहिली. एक मोठा डबा, गयाबाईंचा, आणि अख्खं घराणं उचलून त्यात ठेवलं. बाकी कशालाही हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती, कारकून वर बघून मोजतो ना! आणि आमच्या डोळ्यांदेखत अण्णा, जावई, सुना, रामभाऊ, लक्ष्मणकाका, वैष्णवी, पार तळाच्या किलबिलीपर्यंत सगळेच्या सगळे एक पायरी आत सरकले. डाव्या कडेला एकच नाव राहिलं.

कै. गयाबाई
    ज्ञानोबा
    कै. रामभाऊ
        लक्ष्मण
            वैष्णवी

अण्णांच्या खालची जत्रा मी इथे गाळली आहे, ती या पानावर मावणार नाही. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले,

"छापा."